सामाईक सातबारा आणि शेतीचे अनुदान: कोकणात कोणाच्या खात्यात काय जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यात वडिलोपार्जित साडेतीन एकर जमीन. सातबारा अजून आजोबांच्या नावावर, हिस्सेदार सात, त्यातले चार मुंबईला. विचारणारे गावी राहून एकटेच जमीन कसतात. त्यांना एकरभर काजू लावायचा आहे आणि गवत मारायला ग्रासकटर घ्यायचा आहे. वाडीत मात्र दरवर्षी त्याच चार घरांना अनुदान मिळताना दिसते. हा सगळा वशिल्याचा खेळ आहे का, आणि नसेल तर आपले कुठे अडते?

वशिला कुठेच नसतो असे म्हणण्यात अर्थ नाही. पण कोकणात बरेचसे अर्ज साहेबांच्या टेबलापर्यंत पोचतच नाहीत. ते सातबाऱ्यावरच अडतात. ती चार घरे बघा. बहुधा त्यांचे वाटप झालेले असेल, नाव आधारला जुळत असेल, मोबाईल आधारला जोडलेला असेल आणि आधी खर्च करायला हातात पैसे असतील. या चार गोष्टी जमल्या की पुढे कोणाची ओळख लागत नाही, आणि नसल्या की आमदाराची चिठ्ठीही चालत नाही, कारण पोर्टल चिठ्ठी वाचत नाही.

आधी हे कळायला हवे की सगळी अनुदाने एका मापाने वाटली जात नाहीत. काही नावावर मिळतात, काही क्षेत्रावर, काही बिलावर. प्रत्येकात फायदा होणारा माणूस वेगळा.

नावावर मिळणारे म्हणजे पीएम किसान. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. त्याच यादीवर राज्याने २०२३ पासून नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० दिले. यात क्षेत्र मोजत नाहीत. पाच भावांची नावे सातबाऱ्यावर स्वतंत्र लागलेली असतील आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन गुंठे येत असतील, तरी पाचही कुटुंबे पात्र. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुले. उलट दहा एकर एकाच्या नावावर असेल तर हप्ता एकच. म्हणून ज्या घरात वारस नोंदी वेळच्या वेळी झाल्या त्या घरात जास्त पैसे येतात, आणि ज्यांचा सातबारा मेलेल्या आजोबांच्या नावावर आहे त्या घरात शून्य. आज तुमच्या सातांपैकी कोणीही या यादीत बसत नाही.

चाकरमान्यांना हे मिळावे का, यावर गावात दर गणपतीत वाद होतो. नियम स्पष्ट आहे. मुंबईत राहतो एवढ्यावरून कोणी अपात्र ठरत नाही. मागच्या करनिर्धारण वर्षात आयकर भरला असेल, सरकारी किंवा महापालिकेची कायम नोकरी असेल वा पूर्वी असेल, महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असेल, तर अपात्र. नोकरी आणि पेन्शनच्या अटीतून चतुर्थ श्रेणी कर्मचारी वगळले आहेत. म्हणजे पालिकेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला काका पात्र असू शकतो, कारकून म्हणून झालेला नाही. जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेली असेल तरी मिळत नाही, वारसाने आली असेल तर मिळते. अपात्र असून हप्ते घेतलेल्यांकडून वसुली झाली आहे. तेव्हा भावाने मुंबईत रिटर्न भरून कर दिला असेल तर त्याचे नाव घालायच्या भानगडीत पडू नका.

आता तुमचा सातबारा. तो मोबाईलवर नुसता उघडून ठेवू नका, ओळ ओळ वाचा. भोगवटादाराच्या रकान्यात आजोबांच्या नावापुढे किंवा थोरल्या काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे असेल तर ती नोंद एकत्र कुटुंबाच्या व्यवस्थापकाची आहे. बाकीचे भाऊ हक्काने मालक असूनही कागदावर नाहीत. ‘अ.पा.क.’ असेल तर कोणीतरी त्या वेळी अज्ञान होता आणि त्याचा पालनकर्ता लावला होता. तो अज्ञान आज साठीला आलेला असतो, तरी नोंद तशीच. कंसात टाकलेली नावे रद्द झालेली असतात, ती बघून खूश होऊ नये. जुन्या नोंदींत आडनावच नसते, ‘गणू बाळू’ एवढेच, आणि आधारवर पूर्ण नाव आडनावासकट. शेतकरी ओळख क्रमांक काढताना नेमके हेच जुळत नाही. इतर हक्कात कुळाचे नाव आहे का, तेही बघा. कूळ असेल तर फळबागेला त्याची लेखी संमती लागते, मग तो माणूस जमीन कसत असो वा नसो. जमीन देवस्थानची असेल तर तुम्ही चार पिढ्या कसत असलात तरी खातेदार देव आहे, आणि वैयक्तिक लाभाच्या योजना देवाला मिळत नाहीत.

आणखी एक खास कोकणी अडचण पोटखराबाची, म्हणजे नंबरातल्या लागवडीला न येणाऱ्या जमिनीची. कातळाचा सर्व्हे नंबर दीड एकराचा दिसतो, पण त्यातले एक एकर ‘पो.ख.’ असते. लागवडीचे क्षेत्र उरलेल्या अर्ध्यावरच धरतात. वर्ग ‘अ’ पोटखराबा तुम्ही खरोखर लागवडीखाली आणला असेल तर तो लागवडीलायक क्षेत्रात घ्यावा असा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. वर्ग ‘ब’, म्हणजे रस्ता, वहाळ, स्मशान वगैरेसाठी राखलेला, तो बदलत नाही.

वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, वंशावळीचे शपथपत्र आणि सगळ्या वारसांचे पत्ते लागतात. अर्ज तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर. फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस, नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. इथे मोडता घालणारी चूक एकच: लग्न झालेल्या आत्यांची आणि बहिणींची नावे गाळणे. त्या वारस आहेत. त्यांना हिस्सा नको असेल तर नावे लागल्यानंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करतात. ‘आत्या काही बोलणार नाही’ या भरवशावर नाव गाळले आणि वर्षाने आत्येभावाने हरकत घेतली की फेरफार रद्द, आणि त्यावर उभा केलेला अर्जही लटकला. मुंबईकरांच्या सह्या गणपतीत घ्याव्यात हे सगळ्यांना सुचते, पण शपथपत्राचा मसुदा, दाखले आणि नोटरीची वेळ आधी ठरवून ठेवलेली नसते. मग पाच दिवस आरतीत जातात आणि सहावा एसटीत. कागद श्रावणातच तयार ठेवा.

नावे लागली की लगेच वाटपाच्या मागे लागायलाच हवे असे नाही. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज होतो, पुढे भूमी अभिलेखची पोटहिस्सा मोजणी. हा रस्ता उत्तम पण लांबचा. तोवर सहहिस्सेदारांचे संमतीपत्र चालते. त्यात सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, नेमके क्षेत्र, योजनेचे नाव आणि ‘अनुदान अमुकच्या खात्यात जमा करण्यास हरकत नाही’ हे वाक्य असू द्या. सगळ्यात जास्त वेळा हे शेवटचे वाक्य राहते, आणि भांडण नेमके पहिला हप्ता जमा झाल्यावर सुरू होते.

पुढची पायरी शेतकरी ओळख क्रमांक. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना तो बंधनकारक आहे. आधार, त्याला जोडलेला मोबाईल आणि आपली सगळी खाती घेऊन सेवा केंद्रात जा. तीन गावांत जमीन असेल तर तिन्ही खाती जोडून घ्या. केंद्रवाला एकच जोडून मोकळा होतो, आणि पुढे बाकीचे क्षेत्र अर्जात येत नाही. सामाईक खात्यात प्रत्येक हिस्सेदाराचा क्रमांक स्वतंत्र निघतो.

बँक खात्याबद्दल एक गैरसमज जुना आहे. अर्जात जिल्हा बँकेचे पासबुक जोडले म्हणून पैसे तिथे जातील असे नसते. आधारवर आधारित हप्ता ज्या खात्याला आधार सर्वात शेवटी जोडला त्या खात्यात पडतो. मुंबईला असताना कोणत्यातरी बँकेत उघडलेले आणि विसरलेले खाते असेल तर पैसे तिकडे जाऊन बसतात. ‘माझे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या कित्येकांचे पैसे असे दुसऱ्या खात्यात पडून असतात. कोणत्या बँकेला जोडणी आहे हे आधारच्या संकेतस्थळावर दिसते.

आता काजू. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत, आणि निवड खिशावर करावी. रोजगार हमीतून फळबाग घेतली तर क्षेत्र ०.०५ ते २ हेक्टर, जॉबकार्ड हवे, अल्प वा अत्यल्पभूधारक किंवा ठरलेल्या इतर प्रवर्गांपैकी असायला हवे, आणि कामाला ग्रामसभेची मान्यता हवी. मजुरी हजेरीपटावरून थेट मजुरांच्या खात्यात जाते, त्यामुळे आधी गाठीचे पैसे कमी लागतात. घरचे लोकच जॉबकार्डावर मजूर असले की आपल्याच खड्ड्याची मजुरी आपल्याला मिळते. त्रास साहित्याच्या पैशांचा, कलमांची आणि खतांची बिले रेंगाळतात.

दुसरी वाट भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. २०१८-१९ पासूनची, कोकणासाठी मर्यादा मुद्दाम वेगळी: किमान ०.१० हेक्टर, कमाल १० हेक्टर. बाकी राज्यात ती ०.२० ते ६ आहे. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे पडते. दुसऱ्या वर्षी किमान ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत दिसली तरच पुढचा हप्ता. इथे मात्र खर्च आधी तुमचा. ज्याच्याकडे मे महिन्यात रोकड आहे त्यालाच ही योजना खऱ्या अर्थाने उघडी आहे. त्या चार घरांचे अर्धे उत्तर इथे आहे.

तुमचा हिशेब करून पाहू. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे. सात समान हिस्से धरले तर तुमचे २० गुंठे, ढोबळ ०.२० हेक्टर. म्हणजे एकरभर काजू एकट्याच्या हिश्श्यावर बसत नाही. एक सख्खा भाऊ राजी असेल तर त्याच्या नावाने दुसरा अर्ज करा आणि दोघांचे मिळून ४० गुंठे एका तुकड्यात लावा. काजू ७ बाय ७ मीटरवर लावला की हेक्टरी २०० झाडे, म्हणून प्रत्येकी ४० कलमे. दुसऱ्या वर्षी ३२ जिवंत हवीत, तिसऱ्या वर्षी ३६. नीट बघा, आकडा वाढतो आहे. म्हणजे चारपेक्षा जास्त कलमे मेली तर त्यांच्या जागी नांग्या भरल्याशिवाय तिसरा हप्ता मिळणे शक्यच नाही. सुरुवातीलाच पाच-सहा कलमे जास्त आणून घराजवळ पिशवीत वाढवत ठेवा. पुढच्या जूनमध्ये तीच भरली की बागेत वय फारसे मागेपुढे होत नाही.

कलमे शासकीय, कृषी विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेचीच, आणि बिलावर परवाना क्रमांक, जात आणि संख्या हवी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती सगळ्यांच्या पाहण्यातल्या आहेत. आठवडा बाजारात टेम्पोतून विकायला आलेली स्वस्त कलमे कितीही तरतरीत दिसली तरी बिलाअभावी अनुदानात चालत नाहीत, आणि जात कोणती हे पाच वर्षांनी कळते.

तपासणीत झाडे कमी भरतात ती पावसाने नव्हे. पहिले कारण वणवा. मार्च-एप्रिलमध्ये शेजारच्या रानातून आग येते आणि कमरेएवढी कलमे गवतासकट जातात. दिवाळीनंतर गवत सुकायला लागले की बागेभोवती दोन-तीन मीटरचा पट्टा साफ करून जाळरेषा काढा आणि प्रत्येक कलमाभोवती हातभर आळे उघडे ठेवा. दुसरे, भात कापणीनंतर मोकाट सुटणारी गुरे. गडगा (दगडी बांध) किंवा काटेरी कुंपण याला फुंडकरमधून पैसे मिळत नाहीत, ते घरून घालावे लागतात, आणि नेमके तेच लोक टाळतात. तिसरे, जांभ्या कातळात फोडलेला खड्डा. तळ फुटला नसेल तर त्यात पाणी साचून मुळे कुजतात. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा एप्रिल-मेमध्ये काढावा, तळाला पाणी जिरते का ते बादलीभर ओतून बघावे, मग चांगली माती, शेणखत आणि सिंगल सुपर फॉस्फेट घालून जमिनीच्या वर वीतभर फुगीर भरावा. पाऊस स्थिरावला की लावणी. कलमाचा जोड मातीच्या वर राहू दे. जोडावरची प्लास्टिकची पट्टी वाढ लागल्यावर काढायची, नाहीतर तिथे करकोचा पडून कलम वाऱ्यात मोडते. जोडाखालून फुटलेले धुमारे खुडायचे, ते वाढले की वरची जात मरते आणि तुम्ही रायवळ काजू सांभाळत बसता. तपासणाऱ्याला ते झाड जिवंतच दिसते, फसता तुम्ही.

लावणी झाली की ई-पीक पाहणीत (मोबाईल ॲपवरच्या पीकनोंदीत) काजूची नोंद करा. नोंद नसेल तर वणव्याच्या, वादळाच्या पंचनाम्यात बाग असल्याचा पुरावा राहत नाही. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर राज्याने बागायतीला हेक्टरी ५०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अशी मदत दिली. तेव्हा श्रीवर्धन-मुरुडकडच्या वाड्यांत हेक्टरचे माप किती गैरलागू आहे ते दिसले. पाच गुंठ्यांच्या वाडीत वीस माड, शेदोनशे पोफळी, मधे जायफळ, काळी मिरी. नुकसान लाखाचे, हेक्टरच्या हिशेबात मदत अडीच हजार. क्षेत्रावर दिलेली मदत घाटावरच्या सलग शेतीला जमते, आमच्या मिश्र वाडीला नाही, हे धोरण आखणाऱ्यांना दर वादळात नव्याने सांगावे लागते.

विमा अनुदानात मोडतो हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. आंबा-काजूच्या हवामान आधारित फळपीक विम्यात शेतकरी साधारण विमा रकमेच्या पाच टक्के भरतो, बाकीचा बोजा बहुतांशी सरकार उचलते. भरपाई तुमच्या बागेतल्या नुकसानीवर नसून महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर नोंदलेल्या पावसावर आणि तापमानावर ठरते. तुमच्याकडे मोहोर गळाला आणि केंद्रावर नोंद नाही, तर काही नाही. झाड किमान पाच वर्षांचे हवे, म्हणजे तुमच्या नव्या काजूला तो लागायला वेळ आहे. करारावर बागा घेणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे: नोंदणीकृत भाडेकराराशिवाय विमा मालकाच्याच नावे निघतो आणि भरपाईही त्याच्याच खात्यात जाते, औषधे-फवारण्या तुम्ही केलेल्या असल्या तरी.

बिलावर मिळणाऱ्या अनुदानाचे ताजे उदाहरण काजू बीचे. २०२४ च्या हंगामासाठी राज्याने किलोला १० रुपये, कमाल २,००० किलोपर्यंत जाहीर केले. ज्याने परवानाधारकाला विकून पावती घेतली त्याला लाभ. पण गावात पन्नास-साठ किलो बी दारात आलेल्या व्यापाऱ्याला रोखीने जाते, पावती कोण मागतो? लहान माणूस इथे आपोआप बाहेर पडतो. पुढे झाडे धरली की पहिल्या पोत्यापासून पावतीची सवय लावा.

ग्रासकटरचे प्रकरण सोपे आहे, पण चूक सगळे तीच करतात. दुकानदार म्हणतो, आत्ता घेऊन जा, अनुदानाचे मी बघतो. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल म्हणजे अर्ज बाद. आधी महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाईन पोर्टलवर अर्ज, मग निवड, मग दरपत्रक आणि मान्यताप्राप्त मॉडेलचा तपासणी अहवाल जोडून पूर्वसंमती, त्यानंतरच खरेदी. पैसे स्वतःच्या खात्यातून ऑनलाईन किंवा चेकने, रोखीने नको. मुलाच्या मोबाईलवरून पैसे पाठवले आणि बिल बापाच्या नावावर, म्हणूनही प्रकरणे परत येतात. अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प व अत्यल्पभूधारक यांना ५० टक्के, इतरांना ४०, पण त्यावर कमाल रक्कम ठरलेली असते आणि दोन्हींत जे कमी ते मिळते. २०२५ पासून लॉटरी जाऊन आधी अर्ज त्याला आधी लाभ अशी पद्धत आली. तेव्हा कागद तयार ठेवणाऱ्याचा फायदा आणखी वाढला. अर्ज करण्यापूर्वी तेच यंत्र दुसऱ्या दुकानात अनुदानाचे नाव न काढता विचारा. दोन दरांत बरीच तफावत निघाली तर अनुदानाचा मोठा वाटा कोणाच्या खिशात चालला आहे ते समजते.

शेवटी त्या चार घरांचे. संशय असेल तर कुजबुज नको, यादी काढा. पीएम किसानची गावनिहाय यादी संकेतस्थळावर खुली आहे. रोजगार हमीची कामे आणि हजेरीपटही. फळबाग आणि यंत्रांची यादी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येते, मुदत ३० दिवस. मागताना ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नका. गावाचे नाव, आर्थिक वर्ष, योजनेचे नाव, मंजूर क्षेत्र, दिलेली रक्कम आणि मोका (जागेवरच्या) तपासणीची तारीख एवढेच मागा. यादीत कागदावर दोनशे कलमे आणि जागेवर मोकळा कातळ असे आढळले तर सर्व्हे नंबरसह तहसील कार्यालयाच्या लोकशाही दिनात अर्ज द्या. तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यायची.